कुठून आलात, कुठे निघालात?



साहित्य, इतिहास आणि समाजकारण ऐकण्याची सवय असलेल्या या सभागृहात रहदारीचे गणित मांडायला तुम्ही मला बोलावलेत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. एखादा आकडा समोर आला की तो कोणी मोजला, कुठे उभे राहून मोजला आणि मोजताना कोण राहून गेले, हे ते आधी विचारीत. रस्त्यावरून धावणाऱ्या लाखो वाहनांच्या मागोव्यातून शहराचा प्रवास कसा ओळखायचा, हा आजचा विषय त्यांच्या या विचारण्याला सोडून नाही.

एखाद्या चौकात रोज कोंडी होते. लोक तक्रारी करतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात, उड्डाणपुलाची मागणी होते. महापालिका वाहने मोजून घेते आणि तासाला इतकी वाहने जातात असा अहवाल तयार होतो. पण पूल कोणत्या दिशेने बांधायचा, मुळात पूल हवा की दोन किलोमीटर अलीकडे एक जोडरस्ता पुरेल, की तिथल्या लोकांना थेट बस दिली तर बरीच वाहने घरीच राहतील, यातले काहीही त्या आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी चौकातली माणसे कुठून निघाली आणि कुठे पोचणार आहेत हे कळायला हवे. शहरभरची ही माहिती एका तक्त्यात मांडतात. डाव्या बाजूला निघण्याची ठिकाणे, वरच्या ओळीत पोचण्याची, आणि प्रत्येक चौकटीत त्या जोडीतल्या फेऱ्यांची संख्या. आमच्या व्यवसायात याला ओडी मॅट्रिक्स म्हणतात, आज मी नुसते तक्ता म्हणेन. शहराचे २०० भाग पाडले तर तक्त्यात ४०,००० चौकटी होतात. त्या भरायच्या कशा?

रस्त्यावरची मोजणी तुम्ही पाहिली असेल. झाडाखाली किंवा ताडपत्रीच्या आडोशाला दोन मुले बसलेली असतात, मांडीवर पॅड, पॅडच्या चिमट्यात छापील कागद. दुचाकी, रिक्षा, मोटार, मिनीबस, एसटी, दोन आसांचा ट्रक, अनेक आसांचा ट्रक, ट्रॅक्टर, सायकल, बैलगाडी असे प्रत्येकाचे वेगळे रकाने. वाहन गेले की एक उभी रेघ, पाचवे गेले की चार रेघांवर एक तिरकी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७२ च्या नियमावलीप्रमाणे गावाबाहेरच्या रस्त्यांवर अशी मोजणी वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस, रात्रंदिवस करायची असते. पहाटे तीनला डोळे मिटू न देता रेघा मारत राहणे सोपे नाही. आपल्या रस्त्यांबद्दल जे खात्रीने ठाऊक आहे त्यातले बरेचसे या रेघांतून आले आहे, आणि ते काम नीट करणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

पण रेघ मारणाऱ्याला वाहन फक्त समोरून जाताना दिसते. ते कुठून आले हे जाणून घ्यायचे तर ते थांबवावे लागते. पोलीस दर काही गाड्यांमागे एक गाडी कडेला घेतात आणि फॉर्म हातात घेतलेला मुलगा खिडकीशी येऊन विचारतो, कुठून आलात, कुठे निघालात, गाडीत काय आहे. दुसरी रीत घरोघरी जाण्याची. अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये १९५३ पासून आणि मग शिकागोत डग्लस कॅरोल यांच्या हाताखाली हजारो घरांत जाऊन आदल्या दिवसाचा प्रत्येक प्रवास लिहून घेतला गेला. शिकागोच्या मंडळींनी त्यासाठी कार्टोग्राफाट्रॉन नावाचे यंत्रच बनवले. ते प्रत्येक फेरीची निघण्यापासून पोचण्यापर्यंतची सरळ रेघ पडद्यावर प्रकाशाने काढी आणि त्या सगळ्या रेघा एकाच फोटोत उतरत. शहर कुठे ओढले जाते, हे त्यात डोळ्यांना दिसले. आपल्याकडे मुंबई महानगर प्रदेशासाठी एमएमआरडीएने २००८ मध्ये पुरा केलेला सर्वंकष वाहतूक अभ्यास साठ हजारांहून अधिक घरांच्या पाहणीवर उभा आहे. अशा पाहणीला प्रचंड पैसा आणि मनुष्यबळ लागते, त्यामुळे ती दहा-पंधरा वर्षांतून एकदा होते. शहर काही तोवर थांबत नाही.

मग स्वस्तात मिळणाऱ्या मोजणीवरून तक्ता काढता येईल का? एक छोटा हिशेब करू. कागद-पेन्सिल नसली तरी चालेल. समजा, दोनच ठिकाणांहून लोक निघतात, कोथरूड आणि सिंहगड रस्ता, आणि दोनच ठिकाणी जातात, हिंजवडी आणि मार्केट यार्ड. आकडे मी सोयीसाठी घेतो आहे. चारही टोकांना माणूस उभा केला. कोथरूडहून ६०० गाड्या निघाल्या, सिंहगड रस्त्यावरून ४००. हिंजवडीला ७०० पोचल्या, मार्केट यार्डला ३००. बेरीज दोन्हीकडे हजार, मोजणीत एकही चूक नाही. आता सांगा, कोथरूडहून हिंजवडीला किती गेल्या? ३०० गेल्या असतील तरी चारही आकडे जुळतात, ६०० गेल्या असतील तरी जुळतात, आणि मधला कोणताही आकडा घेतलात तरी जुळतात. म्हणजे ३०१ वेगवेगळी शहरे, आणि मोजणीच्या कागदावर सगळी एकसारखी. दोन बाय दोनच्या तक्त्याची ही गत. ४०,००० चौकटींच्या तक्त्यासमोर काही शे नाक्यांवरची मोजणी ठेवली तर काय होईल ते तुमच्या लक्षात आले असेल.

या पेचातून वाट काढणारा विचार १९६७ मध्ये इंग्लंडच्या अ‍ॅलन विल्सन यांनी वायूंच्या भौतिकशास्त्रातून आणला. दोन फासे टाकले तर बेरीज सात येण्याचे सहा प्रकार आहेत आणि बारा येण्याचा एकच, म्हणून काहीच ठाऊक नसताना शहाणा माणूस सातवर पैज लावतो. तसेच, मोजणीशी जुळणाऱ्या सगळ्या तक्त्यांतून जो सर्वांत जास्त प्रकारांनी घडू शकतो तो निवडायचा. नेदरलंडचे व्हान झाउलेन आणि मूळ चिलीचे विलुमसेन यांनी १९८० च्या निबंधात हाच विचार थेट रस्त्यावरच्या मोजणीला लावला, आणि जगभरच्या नियोजन कार्यालयांत तो रुजला. आपल्या उदाहरणात त्याचे उत्तर येते ४२०. म्हणजे कोथरूडच्या ६०० गाड्या ७०० ला ३०० याच प्रमाणात वाटल्या जातात आणि सिंहगड रस्त्याच्याही. पाया पक्का असलेला अंदाज आहे हा. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे, की कोण कुठे राहतो आणि कुठे काम करतो यांचा एकमेकांशी संबंध नाही. खऱ्या शहरात तो असतो. माणूस नोकरी पाहून घर घेतो, मुलांची शाळा पाहून भाड्याची जागा बदलतो. तक्त्याचा जीव या संबंधातच आहे आणि मोजणीत नेमका तोच उमटत नाही.

इथे वाहनांचे जीपीएस मागोवे कामाला येतात. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम घातलेली अस्पष्टता काढून टाकली. त्याआधी शंभर मीटरपर्यंत चुकणारे यंत्र दहा-वीस मीटरवर आले आणि गाडी कोणत्या रस्त्यावर आहे हे सांगण्याजोगे झाले. त्यानंतरच्या प्रयोगांतला मला विशेष महत्त्वाचा वाटतो तो ८ फेब्रुवारी २००८ चा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्राने आणि नोकियाने मिळून १०० मोटारी घेतल्या, विद्यार्थ्यांना चालक म्हणून बसवले, प्रत्येक गाडीत एन-९५ हा फोन ठेवला आणि हेवर्ड ते फ्रीमाँट या आय-८८० महामार्गाच्या तुकड्यावर दिवसभर फेऱ्या मारायला लावल्या. एकूण रहदारीत या गाड्यांचे प्रमाण दोन ते पाच टक्केच होते. तरी तेवढ्यावरून पूर्ण रस्त्याचा वेग रस्त्यात पुरलेल्या संवेदकांशी जुळण्याइतका चांगला सांगता आला. सकाळी एक अपघात झाला, त्यामागे साचलेली कोंडी मागे मागे कशी सरकत गेली तेही फोनच्या नोंदींत दिसले.

आणखी एक शहाणपण त्या प्रयोगात होते. फोन सतत आपला ठावठिकाणा कळवत नव्हता. नकाशावर आखलेल्या ठरावीक रेषा ओलांडताना तेवढा वेग कळवायचा, बाकी गप्प राहायचे. खासगीपणाचा विचार यंत्रणा उभी करतानाच केला होता. पुढे जे घडले ते पाहता हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

मागोवा म्हणजे प्रत्यक्षात काय? ठिपक्यांची माळ. अक्षांश, रेखांश, वेळ, पुन्हा अक्षांश, रेखांश, वेळ. ठिपके रस्त्यावर बरोबर पडत नाहीत. कधी इमारतीत पडतात, कधी नदीत. ते योग्य रस्त्यावर बसवणे हे पहिले काम, आणि ते बाहेरून वाटते त्यापेक्षा बरेच अवघड आहे. मुंबईतला जे. जे. उड्डाणपूल घ्या. अडीच किलोमीटरच्या आसपास लांब, खाली मोहम्मद अली मार्ग, दोन्ही बाजूंना उंच इमारती. वरची गाडी आणि खालची गाडी नकाशावर एकाच जागी असते. भिंतींवर आपटून येणाऱ्या संदेशांमुळे ठिपके आधीच सैरभैर झालेले. एका ठिपक्यावरून वर की खाली हे सांगणे अशक्य. पण माळ पाहिली तर सांगता येते. खालची गाडी सिग्नलला थांबते, हातगाड्यांमागे रेंगाळते, वरची सुरू झाली की शेवटपर्यंत एका दमात जाते. शिवाय पुलावर दुचाकींना बंदी आहे, तेव्हा मागोवा दुचाकीचा असेल तर प्रश्नच मिटला. न्यूसन आणि क्रम यांची २००९ ची पद्धत हेच तत्त्व गणिताने मांडते. ठिपका रस्त्यापासून किती लांब आहे आणि लागोपाठच्या दोन ठिपक्यांमधले सरळ अंतर रस्त्याने जाण्याच्या अंतराशी कितपत जुळते, या दोन्हींची शक्यता धरून सबंध माळेसाठी सर्वांत संभाव्य वाट शोधायची. अब्जावधी वाटांतून ती निवडण्याची युक्ती अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ मध्ये रेडिओ संदेशांतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी शोधली होती.

दुसरे काम, माळ कुठे तोडायची. यंत्र दिवसभर चालूच असते. घर ते शाळा, शाळा ते कचेरी, कचेरी ते भाजी मंडई, हे तीन प्रवास की एक? गाडी काही मिनिटे हलली नाही की प्रवास संपला असे धरतात. ती मर्यादा पाच मिनिटे ठेवली तर रेल्वे फाटकात अडकलेल्या प्रत्येकाचा प्रवास फाटकातच संपतो आणि तक्त्यात फाटक हे शहरातले मोठे आकर्षण ठरते. वीस ठेवली तर मुलाला शाळेत सोडण्याची फेरी नाहीशी होते, आणि ती बहुधा आईची असते. अशा बारीक निर्णयांवर तक्त्याचे रूप ठरते. ते घेणाऱ्याला शहर पायाखालचे असावे लागते.

अभ्यासकांना मुक्तपणे मिळालेल्या मागोव्यांत पोर्तुगालच्या पोर्तू शहराचा संच फार वापरला गेला. जुलै २०१३ ते जून २०१४ या वर्षात ४४२ टॅक्सींनी केलेल्या सतरा लाखांहून अधिक फेऱ्या त्यात आहेत. प्रत्येक ओळीत एक फेरी. दर १५ सेकंदांना एक ठिपका, तेव्हा ४१ ठिपक्यांची माळ म्हणजे दहा मिनिटांचा प्रवास. सोबत एक अक्षर असते. ए म्हणजे केंद्रावर फोन करून मागवलेली टॅक्सी, बी म्हणजे स्टँडवरून घेतलेली, सी म्हणजे रस्त्यात हात करून थांबवलेली. शेवटच्या रकान्यात ती माळ, कित्येकदा अर्धे पान व्यापणारी. २०१५ मध्ये या संचावर जागतिक स्पर्धा झाली. अर्धवट माळ देऊन टॅक्सी कुठे थांबेल ते ओळखायचे होते. माँट्रियलच्या संघाने न्यूरल नेटवर्क वापरून ती जिंकली.

स्पर्धेचे निकाल वाचण्यापेक्षा त्या ओळी वाचणे मला अधिक शिकवून गेले. बी हे अक्षर असलेली फेरी स्टँडवर सुरू होते, पण प्रवासी स्टँडवर राहत नाही. तो कुठून तरी चालत आला आहे, त्या चालण्याची नोंद नाही. प्रवासी उतरला की ओळ संपते, रिकामी टॅक्सी परत फिरते ती या संचात नाही, रस्त्यावर मात्र ती जागा व्यापून आहेच. आणि टॅक्सीत बसणारा माणूस म्हणजे पोर्तू शहर नव्हे. सामान घेऊन विमानतळावर निघालेला, रुग्णालयात निघालेला, रात्री उशिरा घरी परतणारा यांचा वाटा त्यात मोठा. रोज सकाळी बसने कारखान्यात जाणारा त्यात शोधून सापडणार नाही.

मागोव्यांनी जे निश्चित दिले ते मार्गांचे ज्ञान. १९५२ मध्ये जॉन वॉर्ड्रॉप यांनी मांडले, की प्रत्येक जण आपल्याला कमीत कमी वेळ लागेल असा रस्ता निवडतो आणि त्यातून रहदारीचा समतोल साधतो. अर्धशतक आम्ही सगळे यावर हिशेब करत आलो. १ ऑगस्ट २००७ रोजी मिनियापोलिसमध्ये मिसिसिपी नदीवरचा आय-३५ डब्ल्यू महामार्गाचा पूल कोसळला, १३ माणसे गेली. वर्षभराने, सप्टेंबर २००८ मध्ये, नवा पूल उघडला. लोक आपल्या वाटा कशा बदलतात हे पाहण्यासाठी तिथल्या विद्यापीठाच्या डेव्हिड लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या मोटारींत जीपीएस बसवले. दिसले ते असे, की बहुतेक माणसे सर्वांत कमी वेळाच्या वाटेने जातच नाहीत. सवयीची वाट, कमी वळणांची वाट, भरवशाची वाट ती धरतात. सिग्नल टाळण्यासाठी लांबून जाणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. मोजणीवरून तक्ता काढताना कोणत्या नाक्यावर कोणत्या फेऱ्या आल्या हे ठाऊक असावे लागते, आणि ते आजवर गृहीत धरले जाई. आता ते पाहता येते. माझ्या मते मागोव्यांची ही सर्वांत मोठी देणगी आहे.

यात एक गुंता वाढतो आहे. चालक फोनमधल्या नकाशाचे ऐकून वळू लागले, की मागोव्यात माणसाची पसंती कमी आणि नकाशाचा सल्ला अधिक उतरतो. सोसायटीच्या गल्लीतून वाहने जाऊ लागली ती लोकांना तो रस्ता आवडतो म्हणून नव्हे. पण संगणकाला ते तसेच दिसते.

आता आपल्या छोट्या तक्त्याकडे परत येऊ. समजा, दोन्ही ठिकाणच्या पाच टक्के गाड्यांचे मागोवे मिळाले. कोथरूडच्या ६०० पैकी ३० गाड्या, त्यातल्या २७ हिंजवडीला गेल्या. सिंहगड रस्त्याच्या ४०० पैकी २०, त्यातल्या ८ हिंजवडीला. प्रमाणात वाढवले तर ५४० आणि १६०, बेरीज ७००. हिंजवडीच्या नाक्यावरच्या मोजणीशी तंतोतंत. ३०१ शहरांतून एक शहर समोर आले, आणि ते ४२० वाल्या शहरापेक्षा फार वेगळे आहे. सिंहगड रस्त्यावरून मार्केट यार्डला जाणाऱ्या १२० गाड्या आपण धरल्या होत्या, त्या निघाल्या २४०. बसचा मार्ग आखणाऱ्याला हा फरक पुरेसा आहे.

पण समजा, सिंहगड रस्त्यावरून जे २० मागोवे मिळाले ते बहुतेक आयटी कंपन्यांच्या कॅबचे होते, आणि त्यातले १८ हिंजवडीला गेले. आता ५४० अधिक ३६०, म्हणजे ९०० गाड्या हिंजवडीला पोचायला हव्यात. नाक्यावरचा मुलगा सांगतो ७००. मागोवे चुकीचे नाहीत, त्यातला प्रत्येक ठिपका खरा आहे. फक्त ते सगळ्यांच्या वतीने बोलत नाहीत. अशा वेळी तक्ता मोजणीशी जुळवून घेण्याची रीत आहे. अमेरिकी जनगणनेसाठी डेमिंग आणि स्टीफन यांनी १९४० मध्ये ती मांडली, वाहतुकीत ती १९६५ पासून फर्नेस यांच्या नावाने चालते. ओळींच्या बेरजा जुळवायच्या, मग रकान्यांच्या, पुन्हा ओळींच्या, स्थिर होईपर्यंत. या उदाहरणात ती लावली तर उत्तर येते ४२०. अगदी काहीच ठाऊक नव्हते तेव्हाचे! कारण दोन्ही ठिकाणचे मागोवे दहातले नऊ हिंजवडी असे एकच बोलत होते, कोथरूड आणि सिंहगड रस्ता यांत फरक काय हे त्यांनी सांगितलेच नाही. पन्नास गाड्यांची यंत्रे, सर्व्हर, संगणक, आणि हाती नवे काही नाही. हे आपल्याला समजले कसे? नाक्यावर रेघा मारणारा होता म्हणून. तो नसता तर ९०० चा आकडा सुबक नकाशावर छापून आला असता आणि त्यावर निविदा निघाल्या असत्या.

म्हणून मागोवे आले, आता मोजणी बंद करा, असे जेव्हा कोणी म्हणतो तेव्हा मला काळजी वाटते. मागोवे जितके वाढतील तितकी मोजणीची गरज वाढते. फेब्रुवारी २०२० मध्ये समोर आलेल्या एका प्रयोगात बर्लिनचे कलावंत सिमोन वेकर्ट यांनी एका छोट्या हातगाडीत ९९ जुने स्मार्टफोन ठेवले, सगळ्यांवर गूगल मॅप्स चालू, आणि ती गाडी रिकाम्या रस्त्यांवरून ओढत नेली. नकाशावर ते रस्ते लाल झाले. फोनला वाहन समजणाऱ्या यंत्रणेने ९९ मोटारींची कोंडी पाहिली. रस्त्यात खरोखर होता एक चालणारा माणूस.

आपल्या देशात उलटे घडते, आणि ते अधिक गंभीर आहे. रस्त्यावर माणूस असतो आणि यंत्रणेला तो दिसत नाही. प्रवासी वाहतुकीच्या नव्या वाहनांत एआयएस-१४० प्रमाणाचे मागोवा यंत्र १ जानेवारी २०१९ पासून बंधनकारक आहे. त्यामुळे बस, टॅक्सी दिसतात. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. द्रुतगती मार्गावरही तळेगावला टिपलेली गाडी खालापूरला पुन्हा टिपली जाते, आणि नुसत्या वेळेच्या फरकावरून घाटातला वेग कळतो. पण राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, तेव्हा फास्टॅगही नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर उभे राहा, दर मिनिटाला समोरून काय जाते ते पाहा, आणि मग दुचाकी वगळून काढलेल्या तक्त्याला काय अर्थ उरतो ते ठरवा. गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे किंवा नगरकडे दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या पहाटेपासून रस्ता भरून टाकतात. कारखान्याच्या फाटकाबाहेर रांग लागते, रस्त्याची कड उखडते, रात्री न दिसणाऱ्या ट्रॉलीवर माणसे आपटून मरतात. या वाहनांचा मागोवा सहसा कोणाकडे नसतो. २०११ च्या जनगणनेत कामावर कसे जाता हे विचारले गेले, तेव्हा पायी आणि सायकलने जाणाऱ्यांची संख्या मोटारीने जाणाऱ्यांच्या कित्येक पटींनी जास्त निघाली. वेग मोजणाऱ्या नकाशावर ही माणसे म्हणजे रिकामा रस्ता.

ज्याची नोंद होते त्याच्यासाठी रस्ता रुंद होतो. पदपथ कापून रुंद होतो हे आपण पाहतोच. तक्त्यात जे नाहीत त्यांच्या हिश्शाची जागा तक्त्यात जे आहेत त्यांना जाते, आणि यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही. एका अपुऱ्या आकड्यावर सगळ्यांनी प्रामाणिकपणे काम केले तरी तेच होते.

दुसरी बाजू दिसणाऱ्यांची. न्यूयॉर्कच्या टॅक्सी आयोगाने २०१३ सालच्या सुमारे १७ कोटी फेऱ्यांची नोंद माहिती अधिकाराखाली ख्रिस व्हाँग यांना दिली आणि ती २०१४ मध्ये सर्वांसमोर आली. टॅक्सीचे आणि चालकाचे क्रमांक सांकेतिक रूपात बदलले होते. पण मूळ क्रमांक मोजक्याच साच्यांत बसणारे, त्यामुळे शक्य असलेले सगळे क्रमांक त्याच संकेतात घालून पाहणे सहज जमण्यासारखे होते. विजय पांडुरंगन या संगणक अभियंत्याने काही तासांत सबंध संच उलगडून दाखवला. चालक कुठे थांबतो, किती कमावतो, सगळे उघड झाले. क्रमांक पुसल्यानेही भागत नाही. २०१३ मध्ये द मोंजॉय आणि सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या फोनच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. कोणत्या वेळी कोणत्या टॉवरजवळ, अशा चारच गोष्टी ठाऊक असल्या तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येतात, असे त्यांना आढळले. रोजचा मागोवा जिथे रात्री थांबतो ते घर. त्याला नाव लिहावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही झाला. पण कायदा पाळायची सोय यंत्रणेतच असावी लागते, बर्कलीच्या त्या रेषांसारखी.

नियोजनाला घराचा दरवाजा कधीच नको असतो, त्याला प्रभाग पुरतो. कोथरूडहून हिंजवडीला ५४० गाड्या, एवढेच मला हवे. त्या कोणाच्या, हे नको. तेव्हा मागोवे प्रभागांच्या बेरजांत बदलून मूळ माळा नष्ट केल्या, ज्या चौकटीत दहापेक्षा कमी फेऱ्या आहेत त्या छापल्याच नाहीत, तर तक्त्याचे फारसे बिघडत नाही आणि माणूस सुरक्षित राहतो. खासगीपणा सांभाळला तर शास्त्राचे नुकसान होईल असे सांगितले जाते, ते मला मान्य नाही. माळा जपून ठेवण्याची गरज शास्त्रापेक्षा जाहिरातीला अधिक असते.

आणखी एक मागणी आहे. नकाशा आणि कॅब चालवणाऱ्या कंपन्यांकडून महापालिका माहिती घेते तेव्हा शंभर गाड्यांमागे किती गाड्या तुम्हाला दिसतात, कोणत्या भागात किती, दुचाकी किती, हेही करारात लिहून घ्यावे. तो आकडा नसेल तर मागोवे कितीही असोत, वाढवायचे किती पटींनी हे कोणालाच सांगता येत नाही. आणि तो आकडा तपासायला आपली स्वतःची मोजणी हवी.

यासाठी पुढच्या विकास आराखड्याची वाट पाहायला नको. मध्यम शहरासाठी बारा-पंधरा नाके, दर वर्षी तोच आठवडा, नाक्याच्या दोन्ही बाजूंना माणसे, त्याच आठवड्यातले बस, टॅक्सी आणि मालवाहू गाड्यांचे मागोवे प्रभागांच्या बेरजांत, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी, कोणालाही पाहता येतील असे. मोजणाऱ्या मुलांना दिवसाचा रास्त पगार, रात्रपाळीला दिवा आणि पावसात छप्पर. ऊसपट्ट्यातल्या नगरपालिकांनी हा आठवडा गळीत हंगामात धरावा. कोकणातल्यांनी गणपतीच्या आधीचा एक वेगळा घ्यावा. आणि मोजणीच्या कागदावर आज बहुधा रकानाच नसलेल्या पायी जाणाऱ्यांचा रकाना सर्वांत पहिला छापावा.